कडेची ओळ

गवताचं पान तोंडात घालण्याआधी ते चष्मा काढून सदऱ्याच्या खिशात ठेवायचे. मग डोळे मिटून पान पुढच्या दातांनी बारीक चावायचे, रस जिभेवर फिरवायचे आणि नुसते उभे राहायचे. आम्ही चार माणसं हातात विळे घेऊन त्यांच्या तोंडाकडे बघत असायचो. शेवटी डाव्या अंगाला थुंकून ते म्हणायचे, "काप. पण भेव ठेवजो, माय."

माय म्हणजे मी. वय तेवीस, शेतकीची पदवी, रायपूरच्या समता कॉलोनीत वाढलेली. वडील रेल्वेत, मूळ नागपूरकडचे. नोकरीचं पहिलंच वर्ष, अजून कायम व्हायची होते. माझ्या जिभेला हाड नाही असं आई येईल त्याला सांगायची, आणि ते खरंच होतं. भीतीला आमच्याकडे भेव म्हणतात. पण "भेव ठेवजो", म्हणजे भीती जपून ठेव, असा आशीर्वाद देणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. तुम्हीही पाहिला नसेल.

त्यांचं नाव मी लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. कागदावर आपलं नाव दिसलं की त्यांच्या हाताला घाम सुटायचा. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. मजूर बाया पाठीमागे 'डरपोकना बबा', म्हणजे भित्रा म्हातारा, म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

राज्य नवं होतं. रायपूर राजधानी झालं होतं आणि जो तो घाईत होता. तेलीबांध्याच्या तळ्यापलीकडे आमचं चारा-केंद्र होतं. फाटकावरच्या पाटीवर जुन्या राज्याचं नाव खरवडून नव्याचं रंगवलं होतं. ऊन तिरपं झालं की जुनी अक्षरं रंगाखालून वर यायची. आत आठ पट्टे, आठ जातींची गवतं, प्रत्येकापुढे पत्र्याचा नंबर. यांतलं एक निवडून गावोगाव वाटायचं होतं. नव्या राज्याचं पहिलं गवत.

निवडायची रीत साधी होती. कापायचं, तोलायचं, सुकवून पुन्हा तोलायचं. मग गोठ्यात आठ गव्हाणी मांडायच्या, प्रत्येकीत एकेक गवत घालायचं आणि गायी मोकळ्या सोडायच्या. कोणती गाय आधी कुठे जाते, काय उरवते ते वहीत लिहायचं. काका म्हणायचे, निवडते ती गाय, आपण नुसते तिचे कारकून. पण कारकुनाने गायीचं सगळंच ऐकायचं नसतं, हेही तेच सांगायचे. गायीला गोड कळतं, विष कळत नाही.

पहिल्या आठवड्यात त्यांनी मला पट्ट्यात उभं करून एक गोष्ट शिकवली. पट्ट्याच्या कडेच्या ओळी मोजायच्या नाहीत. कडेला ऊन जास्त, वारा जास्त, नालीचं पाणी झिरपतं, म्हणून कडेचं गवत नेहमी तरतरीत दिसतं. खरं गवत मधल्या ओळींत असतं. "कडेची ओळ पाहुण्यासाठी, मधली गायीसाठी," असं ते म्हणाले. मी वजन करताना ते इमानाने पाळायचे. एवढी सोपी गोष्ट कोण विसरेल, असं तेव्हा वाटलं होतं.

काका सगळ्यालाच भीत. कुत्र्याला, विजेच्या बटणाला, सरकारी टपालाला. तेलीबांध्याच्या चौकात गाड्या वाढल्यापासून ते मोपेडवरून उतरत आणि ती ढकलत चौक ओलांडत. मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना हात जोडत. साहेब केबिनमधून बाहेर आले की काकांचा आवाज विहिरीत पडल्यासारखा खोल जायचा. साहेबांनी "कैसा चल रहा है?" एवढं विचारलं तरी काका वही पुढे करायचे आणि स्वतः मागे सरकायचे.

त्यांच्या मोपेडला एक पिशवी कायम लटकलेली असायची. तिच्यात बांबूचा तिरपा कापलेला नळा, गुळाचा खडा आणि एका बाटलीत पांढरे खडे. ते खडे म्हणजे हायपो. फोटो धुणारे वापरतात ते. बूढ़ापाऱ्यातल्या एका फोटो स्टुडिओतून ते आणत. पोटात गेलेल्या गवताच्या विषावर तो उतारा आहे, असं एका जुन्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. पिशवी कधी उघडलेली आम्ही पाहिली नव्हती. मी एकदा म्हटलं, "काका, तुम्ही साप साप म्हणून भुई धोपटता."

त्यांनी जरा विचार केला. "धोपटतो," ते म्हणाले. "भुईले काय लागते?"

आणि तो पिवळा कागद. ज्वारीच्या कुळातल्या गवताला पाण्याचा ताण पडला, की कोवळ्या फुटव्यांत विष साठतं. ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पान बारीक चिरून छोट्या बाटलीत घालायचं, वरून औषधाचे दोन थेंब, आणि बुचाला पिवळ्या कागदाची पट्टी टांगायची. पट्टी पिवळीच राहिली तर चारा ठीक. केशरी झाली तर थांब. विटेच्या रंगाची झाली तर जनावराला जवळही येऊ देऊ नको. आमच्या आठांपैकी सात नंबर तसल्या कुळातला होता. काका त्याच्याकडे पाठ करून कधी उभे राहत नसत.

पानं चावून विष कळत नाही, मग चावता कशाला, असं मी त्यांना विचारलं होतं. त्या दुपारी आम्ही गोठ्याच्या सावलीत डबे खात होतो. काकांनी पोळीचा तुकडा डब्यात परत ठेवला आणि गोष्ट सांगितली. गोंदियाकडच्या गावी ते एकोणीस वर्षांचे असताना पाऊस मधेच थांबला होता. कापलेल्या ज्वारीला नवे फुटवे आले होते, हिरवेगार. घरची गाय सकाळपासून हंबरत होती.

"मले तिची दया आली," ते म्हणाले. "मायेनं देल्लं, माय. वैरानं नाई देल्लं. तिच्यासाठी पाणी आणाले विहिरीवर गेलो. येतवरी ती पाय झाडून राहिली होती." त्यांनी डब्याला झाकण लावलं. "म्हणून पान आधी माह्या तोंडात. कळत नाई काही, पण तेवढी लाज राहते. माह्या हातून दुसरी नाई पायजे."

एवढंच त्यांना आयुष्यात हवं होतं. बढती नाही, बक्षीस नाही. आपल्या हातून दुसरी गाय जाऊ नये. निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं आणि ते दिवस मोजत होते, पण सुटका म्हणून नव्हे. इतके दिवस निभावलं, एवढे आणखी निभावले की झालं, असं.

त्या दुपारी त्यांनी आणखी एक सांगितलं, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. "भेव दोन जातीचं असते. एक जनावरासाठी, एक साहेबासाठी. पह्यलं ठेवजो, दुसरं सोडजो." मी फटकन म्हणाले की तुम्ही तर दोन्ही ठेवता. काका ओशाळं हसले. "हो नं. माह्याच्यानं दुसरं सुटत नाई."

साहेबांचा जीव सात नंबरवर होता. त्यांची चूक नाही म्हणता येणार. गव्हाणी मांडल्या की सगळ्या गायी सातकडेच पळत. वाढ उंच, पान रुंद, रस गोड. काकांचं मत चार नंबरच्या बाजूने होतं. ते गिनी गवत. दिसायला साधं, गायी जरा उशिरा तोंड लावत, पण ऊन असो ताण असो, त्याच्यात ते विष नव्हतं. वहीत काकांनी दोन्हींचे आकडे सरळ लिहिले होते. मत मात्र लिहिलं नव्हतं. विचारल्याशिवाय ते मत देत नसत आणि त्यांना कुणी विचारत नसे.

त्या वर्षी मधेच पावसाने वीस-बावीस दिवस दडी मारली. सातच्या दुसऱ्या कापणीचे फुटवे गुडघ्यापर्यंत येऊन थांबले. पानं निळसर दिसू लागली, दुपारी वळून सुरळी व्हायची. नालीला थोडं पाणी होतं, ते कडेपुरतं. काका सकाळ-संध्याकाळ तिथे जाऊन उभे राहत. याला पाऊस लागून पंधरा दिवस होईपर्यंत विळा लावायचा नाही, असं त्यांनी सगळ्यांना बजावलं.

शहराच्या दुसऱ्या अंगाला एका गावात कार्यक्रम ठरला होता. कुणी मोठे पाहुणे येऊन आपल्या हाताने गायींना नव्या राज्याचं गवत चारणार होते. काकांनी त्यासाठी चार नंबर कापायचं ठरवून ठेवलं होतं. कार्यक्रम शुक्रवारी होता, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांची बुधवारची वेळ घेऊन काका समता कॉलोनीतल्या दवाखान्यात गेले. बुधवारी सकाळी फोन आला की पाहुणे आजच येणार. साहेबांनी मजुरांना हाक मारली आणि सात नंबर कापायला सांगितलं. फोटोत गायी तुटून पडलेल्या दिसल्या पाहिजेत, चारवर त्या तशा पडत नाहीत. गावात निरोपही धाडला, गायींना सकाळपासून काही घालू नका म्हणून.

मग साहेब माझ्याकडे वळले. काका नाहीत, तर ते कागदाचं तूच कर आणि वहीत सही कर.

फोन आल्यावर मी धावत घरी जाऊन कार्यक्रमासाठी आईची चंदेरी नेसून आले होते. सातच्या पानांना धार असते, आत शिरलं तर पदर आणि हात दोन्ही ओरबाडले जाणार. नालीजवळ उभं राहून हात लांब केला तर कडेची दोन पानं सहज येत होती. मी तीच तोडली. चिरली, बाटलीत घातली, पट्टी टांगली. पट्टी पिवळीधमक राहिली. मी वहीत 'ठीक' लिहून सही केली. इमानाने सांगते, त्या क्षणी मनात काही खटकलंदेखील नाही. वजनाला मधली ओळ हे डोक्यात होतं, कागदालाही मधलीच, हे मला सुचलं नाही.

ट्रॉली गेली. साहेब जीपने गेले. मी केबिन बंद करून माझ्या मोपेडने मागून निघणार, तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. काका उतरले. डोळ्यांत थेंब घातलेले, वर काळा चष्मा, आणि हात पुढे करून चाचपडत चाललेले. दिवसभर आराम करा असं डॉक्टरांनी सांगितलं असणार. त्यांना घरी करमलं नव्हतं.

सातच्या पट्ट्यापाशी त्यांच्या पायाला खुंटं लागली. ते थबकले. मी लगबगीने सगळं सांगितलं, कागद केला, पिवळाच राहिला, काळजी करू नका. काका खाली बसून खुंटांवरून हात फिरवत होते.

"पान कुठून तोडलं वं?"

मी नालीकडे बघितलं. मला तेव्हाच कळलं.

"नालीजवळून?"

"हो."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. मधे थोडे फुटवे कापायचे राहिले होते. तिथली पानं आण म्हणाले. मी चंदेरीसकट आत शिरले. पुन्हा बाटली, पुन्हा पट्टी. केंद्रातल्या फोनवरून साहेबांचा मोबाईल लावला, तो लागेना. काकांनी केंद्रातच ठेवलेल्या आपल्या मोपेडची पिशवी काढून खांद्याला अडकवली आणि म्हणाले, "गाडी काढ. मले दिसून नाई राहिलं."

मी चालवत होते, काका मागे. एका हाताने माझा खांदा धरलेला, दुसऱ्या हातात बाटली. बूच उडू नये म्हणून अंगठा त्याच्यावर दाबलेला. तेलीबांध्याचा चौक आला. मी सवयीने वेग कमी केला, आता हे उतरतील म्हणून. मागून आवाज आला, "थांबू नको." आम्ही ट्रकच्या पुढून निघालो. पुढे रेल्वेच्या फाटकाशी अडकलो तेव्हा त्यांनी बाटली माझ्या तोंडापुढे धरली.

"रंग सांग."

"केशरी," मी म्हटलं.

त्यानंतर मी गाडी कशी हाकली ते आठवत नाही. आठवतं ते इतकंच, की वाटेत जी जी गाय दिसली ती मला आडवी पडलेली दिसली. गावाच्या वेशीवर त्यांनी पुन्हा बाटली पुढे केली. मला बघायचं नव्हतं. पण त्यांना दिसत नव्हतं, सांगणं मलाच भाग होतं. पट्टी विटेच्या रंगाची झाली होती.

गायी गोळा करतात त्या मोकळ्या जागेवर मांडव घातला होता. पाहुणे आले नव्हते. आपल्याकडे पाहुणे वेळेवर येत नाहीत याचा मला त्या दिवशी पहिल्यांदा आनंद झाला. चाळीसेक गायी दाव्याला बांधलेल्या, भुकेने ओढ घेत होत्या. समोर सातचा हिरवा ढीग होता. काका थेट ढिगाकडे चालत गेले, वाटेत एका खुर्चीला धडकले, आणि ढिगावर जाऊन बसले. फोटोवाला हसला.

मग एका कडेला कुणी तरी ओरडलं. गावचा गुराखी, ज्याला तिकडे राऊत म्हणतात, आपल्या गायीपाशी उभा होता. लहानखुरी तांबडी गाय. तिचे मागचे पाय लटपटत होते. तो साहेबांना नाही, काकांनाच सांगत होता, "भुखाय रहिस, बबा. एक मुठा दे देंव." उपाशी होती, एक मूठ दिली. त्याच्या आवाजात अपराध नव्हता, नुसती कळवळ होती. काकांनी डोळे मिटले. आधीच दिसत नव्हतं, तरी मिटले.

गाय खाली बसली. तोंड उघडं टाकून श्वास ओढू लागली. काका तिच्यापाशी गुडघ्यांवर बसले आणि मला म्हणाले, "ओठ वर कर. हिरड्या कशा आहेत सांग."

"लाल आहेत. खूप लाल."

"म्हणजे विषच हाय, पण अजून वेळ हाय. चाल."

बादलीत हायपो आणि गूळ कालवला. राऊताने तोंड धरलं, मी नळा धरला, काकांनी ओतलं. त्या माणसाचे हात मी साध्या टपालाला थरथरताना पाहिले होते. ओतताना ते अजिबात हलले नाहीत. एक थेंब सांडला नाही.

तेवढ्यात गाड्यांचा आवाज आला. साहेब धावत आले. एक गाय आजारी आहे तर तिला मागे न्या, बाकीच्या सोडा, पाहुणे उतरत आहेत. दावी सोडायला दोघे पुढे झाले. काका उठले. त्यांची पँट मातीने भरली होती, काळा चष्मा पडला होता, आणि मोठ्या झालेल्या बाहुल्यांनी ते उन्हात साहेबांकडे बघत होते. ते साहेबांपुढे ताठ उभे राहिलेले मी कधी पाहिले नव्हते. आताही ताठ नव्हतेच.

"साहब, मुझे डर लगता है," ते म्हणाले. "नहीं खिलाने दूँगा."

तो माणूस शास्त्र सांगत नव्हता, नियम सांगत नव्हता. चारशे माणसांपुढे आपण भ्यालो आहोत एवढंच सांगत होता. दावी सोडणाऱ्या दोघांनी हात मागे घेतले.

साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी दबक्या आवाजात विचारलं की मग वहीत ठीक कुणी लिहिलं. मी दोन पावलांवर होते. तोंड उघडलं की झालं. माझी नोकरी कायम व्हायची होती, घरी बाबांना नुकताच झटका येऊन गेला होता, आणि ज्या जिभेला हाड नव्हतं ती माझी जीभ टाळूला चिकटली. मी गायीच्या शिंगाकडे बघत राहिले.

"मेरी गलती है, साहब," काका म्हणाले. "काम मेरा था."

साहेबांना खरं ठाऊक होतं, सही माझी होती. पण त्या वेळी त्यांनाही एक नाव हवं होतं आणि ते मिळालं होतं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पाहुणे एका गायीला भाताचं तणस भरवताना दिसले. खाली लिहिलं होतं, नव्या राज्याचं नवं गवत.

पाहुणे गेले, मांडव सुटला. आम्ही तांबडीपाशी बसून होतो. काका तिच्या बरगड्यांवर तळवा ठेवून श्वास मोजत होते आणि दर थोड्या वेळाने मला हिरड्यांचा रंग विचारत होते. लाल. अजून लाल. मला वाटत होतं, ही गेली तर मी हे तोंड घेऊन कुठे जाऊ. तास गेला असेल, जास्तही. मग मी म्हटलं, जरा फिकट वाटतात. काकांनी पुन्हा विचारलं. फिकट. चारच्या सुमाराला तिने पुढचे पाय रोवले, एकदा पडली, आणि पुन्हा उठली. राऊत तिच्या गळ्यात पडला. काकांनी बाजूला जाऊन पोटातलं सगळं ओकून टाकलं.

परतताना ते मागे बसले होते. चौकाच्या अलीकडे म्हणाले, "आज भेव लागलं का तुले?"

"लागलं."

"बस मंग," ते म्हणाले. चौकात ते उतरले आणि पायी पलीकडे गेले.

त्यांना मेमो आला. ज्या कागदाला ते जन्मभर भ्याले तो अखेर आला, आणि त्यांनी तो घडी करून पिवळ्या पट्ट्यांच्या पाकिटात ठेवला. निवृत्तीपर्यंतचे दिवस त्यांनी स्टोअरमध्ये काढले, खताची पोती आणि रिकामे डबे यांच्यात. गोठ्यात यायची त्यांना मनाई होती. दुपारी स्टोअरच्या दारात उभे राहून ते गायी पाण्यावर जाताना बघत. मी रोज ठरवायचे, आज साहेबांकडे जाऊन सांगायचं. रोज केबिनच्या दारापर्यंत जायचे. माझी नोकरी कायम झाली. सात नंबर मागे पडला, चार नंबर निवडला गेला, आणि त्या समारंभाला काकांना बोलावणं नव्हतं. मी होते. माझा सत्कार झाला. तो नारळ मी घरी नेला नाही, वाटेत देवळात ठेवला.

दुसरं भेव सोडजो, असं ते म्हणाले होते. त्यांचं एकदा, एकाच दिवशी सुटलं. माझं सुटलं नाही.

मी त्यांच्या घरी गेले ती सहा-सात वर्षांनी, बदलीचा हुकूम हातात आल्यावर. बूढ़ापाऱ्यात तळ्यामागच्या अरुंद गल्लीत घर होतं. दार त्यांच्या मुलीने उघडलं. तिला मराठी कळायची, बोलायची हिंदी. भिंतीवर काकांचा हार घातलेला फोटो होता. जाऊन चार महिने झाले होते, झोपेतच, असं तिने सांगितलं. मला कुणी कळवलं नव्हतं, आणि का कळवावं.

मी तिथे उभ्याउभ्याच सांगून टाकलं. त्या दिवशीचं पान मी तोडलं होतं, सही माझी होती, आणि मी गप्प बसले. इतकी वर्षं पाठ केलेलं सगळं एका दमात संपलं.

तिने ऐकून घेतलं. "मालूम है, दीदी. पापा बताते थे," ती म्हणाली. "कहते थे, गलती मेरी ही थी, काग़ज़ वाली बात उसको बताई नहीं थी. और कहते थे, लड़की उस दिन बहुत डरी, अच्छा काम करेगी."

मला रडू आवरेना. तिने पाणी आणून दिलं.

अंगणात तेलाच्या कापलेल्या डब्यांत गवत लावलेलं होतं. मी लांबूनच ओळखलं, चार नंबर. गल्लीतली एक पांढरी गाय रोज सकाळी दाराशी येते, पापा तिला घालायचे, असं ती म्हणाली. गाय आताही दाराशी उभी होती. डब्यांतलं गवत वाढून लोळायला लागलं होतं.

"पापा के बाद मैंने दिया नहीं," मुलगी म्हणाली. "डर लगता है. आप देख दोगी क्या?"

चारमध्ये काही नसतं हे मला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या निवडीच्या कागदांवर माझं नाव होतं. तरी मी चप्पल काढून अंगणात उतरले. कडेचे डबे सोडून मधल्या डब्यातलं पान तोडलं, आता मलाही लागलेला चष्मा काढला आणि ते पुढच्या दातांनी चावलं. रस जिभेवर फिरवला. डोळे मिटून उभी राहिले, ते राहायचे तेवढा वेळ. मग डाव्या अंगाला थुंकून मुलीला म्हटलं, दे. तिने मूठभर कापून पुढे धरलं आणि गाय खाऊ लागली. आम्ही दोघी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो, ती गल्लीच्या टोकाला वळून दिसेनाशी होईपर्यंत.